पूजेतली बॅटरी

दसऱ्याच्या संध्याकाळी मी आणि बाबा आत्याकडे सोनं द्यायला निघालो, तर गाडी सुरूच होईना. दिवे लागत होते, रेडिओ गात होता, किल्ली फिरवली की मात्र नुसतं टक्. शेजारच्या सीटवरून बाबा म्हणाले, "सकाळी पूजेआधी वायर काढून बॅटरी पुसली होती मी. परत आवळायची राहिली असेल."

बॉनेट उघडलं. आत झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं आणि हाताने सहज हलणारी वायर. मला गंमत वाटली. दिवे लावायला, गाणं ऐकवायला एवढा सैल स्पर्शही पुरतो. जागचं हलायचं तर घट्ट धरावं लागतं. आम्हा बापलेकांचंही बरीच वर्षं दिव्यांपुरतंच चाललंय. जेवलास का, ऑफिस काय म्हणतंय, एवढंच.

बाबांनी वायर दाबून धरली, मी पाना फिरवला. गाडी लगेच सुरू झाली. बॉनेट लावण्याआधी बाबांनी पिशवीतलं आपट्याचं एक पान बॅटरीवर ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"घरातल्यांना द्यायचं राहूनच जातं," ते म्हणाले.