ओरडायची ओळ

रविवारी दुपारी एका छोट्या हॉलमध्ये एक म्हातारा जॅझ गिटारवादक जुनी रॉक गाणी नुसती गिटारवर वाजवत होता. कॉलेजात ज्या बंडखोर ओळीवर आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, ती जवळ आली. आम्ही सगळे पन्नाशीचे, छाती भरून तयार. त्यानं ती इतकी हळू वाजवली की ओरडताच येईना.

"अहो, जरा जोरात वाजवा की," शेजारचे गृहस्थ वैतागले.

"जोरात तुम्हाला पाठच आहे," तो मान वर न करता म्हणाला, आणि तीच ओळ आणखी हळू वाजवली.

बंड म्हणजे आवाज चढवणं, असं मी समजत आलो. म्हणून तर आवाज बसला तसं तेही सोडून दिलं.

उद्या साहेबांना 'नाही' म्हणायचंय. हळूच म्हणेन. त्यांनी जोरात बोला म्हटलं, तर आणखी हळू.