जास्तीचं डाग

आमचं धाकटं भावजी, जोतीराम, लढाईवरनं परत आलं ते रेडिओचं याड घिऊनच. पल्टनीत बिनतारी खात्यात हुतं. आल्यापास्नं लोनंदच्या बाजारात टेबल टाकून लोकांचं रेडिओ दुरुस्त करत्यात. रेडिओ दिसला की ह्यास्नी तहानभूक न्हाई. मी म्हनायची, ह्यांची बायको बी खोक्यातनंच काढावी लागनार.

तर सांगलीची पोरगी सांगून आली. शालू. मालक, मी आन भावजी बघायला गेलो. सोन्याचा डाग, म्हंजी दागिना, म्हनावा तर घरात एकच, सासूबाईंची वजरटीक. पोरीचा बाप नाथाजी हळदीचा व्यापारी. त्यानं जादा मागितलं तर घालायचं काय?

शालू पोह्याच्या बशा घिऊन आली. भावजींनी एकदा वर बघितलं, कानापतोर लाल झालं आन कोपऱ्यातल्या मुक्या रेडिओकडं पळालं. आता काय म्हनावं ह्या मानसाला? मागची फळी काढली. आत कुन्या भांडी सांधनाऱ्यानं डाग दिल्यालं, कथलाचं गोळंच्या गोळं, वर राळेचा काळा चिकटा. दोन तारा एकमेकीस चिकटल्याल्या.

"ह्या तांब्याच्या तारांची वेनी घालून द्या कुनीतरी," भावजी खिशातल्या तारा म्होरं करत खोक्यातनंच म्हनालं.

शालूनं बशी खाली ठिवली आन झरझर वेनी घातली. ती वेनी डागावर धरून भावजींनी शेगडीत तापवल्याली सळई टेकवली, की वितळल्यालं कथील सरसर वेनीत चढलं. दोघांची डोकी एका खोक्यात. मला हसू आवरंना, पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात नाथाजींनी विचारलंच, "पाव्हनं, डाग किती घालनार?"

मालकांनी बोलायला तोंड उघडलं. आन खोक्यातनं आवाज आला, "डाग लय झाल्यात. जास्तीचं समदं काढून टाकतो. घान बी इस्पिरिटनं पुसून घेतो."

नाथाजी ताडकन उठलं. "माझ्या पोरीच्या अंगावरचं काढनार? आन घान कुनाला म्हनता?"

भावजी बाहेर आलं. नाकाला राळ, हातात चिंधी. "आवं मामा, मी रेडिओचं सांगतोय. कथलाच्या सांध्याला डागच म्हनत्यात न्हवं? जोडाला लागंल तेवढाच असावा. जास्ती झाला की नको तिथं चिकटतो, आन आवाज बंद."

नाथाजी हुबंच. म्हटलं, गेली सोयरीक. लय वाईट वाटलं मला, भावजींचं तोंड बघून.

शालू भिताडाकडं बघत म्हनाली, "आबा, मग मला बी डाग तेवढाच पुरं."

नाथाजी खाली बसलं. मग आत बायकोला हाक मारली, "आगं, सुपारी आन. ही पोरगी काय आता आपली ऱ्हाइली न्हाई."