फळीवरचे घोडे

प्लास्टिकच्या घोड्याचे केस शेंड्याकडून विंचरायचे असतात. मुळापासून कंगवा ओढला की नायलॉनच्या गाठी आणखी घट्ट बसतात आणि आयाळ पुंजक्या-पुंजक्यानं हातात येते. पाणी कोमट घ्यायचं, कढत नाही. मानेतून आत पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण शेपूट आतून एका लोखंडी चकतीनं अडकवलेलं असतं. ती गंजली की शेपटीत तांबडा डाग उतरतो आणि मग काही केल्या निघत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. काही बिचाऱ्या घोड्यांची वाट लावूनच मी शिकले.

पहिला घोडा सापडला तेव्हा मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. नव्वदीची सुरुवात होती. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी घ्यायची आणि मग पलीकडे जुन्या सामानाच्या ओळीतून एक चक्कर मारायची, ही माझी चैन. कुलपं, स्टोव्हचे बर्नर, कुणाकुणाचे चष्मे, आतडी बाहेर आलेले रेडिओ. परदेशातल्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांच्याबरोबर वापरलेली खेळणीही यायची. त्या ढिगात तो पालथा पडला होता. फिक्या जांभळ्या रंगाचा, पोटानं गुबगुबीत, पायानं आखूड, डोळ्यांना लांब पापण्या रंगवलेल्या, मागच्या मांडीवर दोन चेरींचं चित्र. असला घोडा मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या ओळखीचे घोडे म्हणजे टांग्याचे, बरगड्या मोजून घ्या असे. याचा एक कान कुणीतरी चावून चावून बारीक केला होता. कुठल्या देशातली कुठली पोर ती, तिला दात येत असणार. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पिशवीत घालून मी त्याला घरी आणला.

"भाजीत ह्यो कुठला जीव आणलास?" आई म्हणाली.

लहानपणी आमच्याकडे खेळायला काही नव्हतं असं म्हणणार नाही. वडील, म्हणजे आमचे आण्णा, बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ते झिजलेली बेअरिंगं आणून द्यायचे आणि ती आम्ही फरशीवर गरगर फिरवायचो. काड्यापेट्या होत्या, बांगड्यांचे तुकडे होते, चिंचोके होते. पण हे सगळं दुसऱ्या कशातून तरी उरलेलं. निव्वळ खेळण्यासाठी म्हणून केलेली वस्तू आमच्या घरात पहिल्यांदा आली ती मी नोकरीला लागल्यावर, आणि तीही दुसऱ्या कुणी चावून टाकलेली. याचं वाईट वाटायला हवं होतं. मला नुसता आनंद झाला होता.

मग मी सुटलेच. पिवळा आला, पुदिन्याच्या रंगाचा आला, पंख असलेला आला, शेपूट नसलेला आला. चकत्या काढायला बारीक तोंडाचा चिमटा हवा होता, तो कुठे मिळेना. शेवटी हुपरीला पैंजण करणाऱ्या एका घरातून मागून आणला. ऑफिसमधले लोक म्हणायचे, लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्याला काही किंमत तरी असते. मी त्यांना म्हणायचे, तुम्ही काय जमवता? जमवलेलं असायचं ते पोट.

आईचं एक वाक्य ठरलेलं. "एवढी घोडी झालीस आन् घोडी गोळा करत बसलीस." बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं फळीकडे बघून विचारलं, घरात लहान मूल कोण आहे? मी म्हटलं, मीच. ते स्थळ चहा न घेताच जिना उतरलं. पुढे माझं लग्न झालं नाही ते नाहीच, पण त्यात घोड्यांचा काही दोष नाही. उगाच मुक्या प्राण्यांवर कशाला ढकलायचं?

फळी आण्णांनीच करून दिली होती. खोक्याच्या लाकडाची, पण रंधा मारून गुळगुळीत केलेली, बाहेरच्या खोलीत खिडकीच्या वर. नवा घोडा आला की पेपरमधून डोकं वर काढून ते विचारायचे, "ह्येला काय घालायचं खायला?" बस्स, तेवढंच. हात मात्र कधी लावला नाही. हात तर मी कुणालाच लावू देत नव्हते. शेजारची पोरं यायची, मी त्यांना लांबून दाखवायचे. एकदा एका पोरीनं स्टुलावर चढून पंखवाला काढला, तेव्हा मी इतकी ओरडले की तिच्या आईनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. दर रविवारी फळी पुसायची, महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, उंचीनुसार परत ओळीत लावायचे. माझा रविवार त्यात जायचा आणि फार सुखात जायचा.

आण्णांची एक गोष्ट सांगायला हवी. छप्पन सालानंतर गावातल्या आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते लहान होते. तेव्हापासून घरात बुद्धांची एक तसबीर, तिच्यापुढे फुलं, पौर्णिमेला वंदना. आण्णांचा नियम एकच, पण लोखंडी. घरात देव शिरता कामा नये. वाण्यानं दिवाळीला देवीचं चित्र असलेलं कॅलेंडर दिलं तर ते परत करून डोंगर-झाडाचं मागून आणायचे. शेजाऱ्यांनी कुठल्याशा देवाचे पेढे दिले तर पेढे खायचे, आणि पुडक्यावरचा देवाचा फोटो नीट घडी घालून त्यांना परत करायचे. शेजारी हसायचे, पण मानायचे.

नोकरीला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा त्याच बाजारात मला लाकडी घोडा मिळाला. वीतभर उंचीचा, जुन्या रंगाचे पोपडे उडालेला, मान ताठ, पुढचा एक पाय उचललेला. पाठीत एक भोक होतं. विकणारा म्हणाला, "पाठीवर कोणतरी बसल्यालं, ते पडलं कुठंतरी. घोडा बेस हाय की, ताई." मला तर हर्षच झाला. इतकी वर्षं सगळी गोरी पाहुणे मंडळी, आणि हा पहिला आपल्याकडचा. घरी आणून खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसला. कोरलेल्या आयाळीच्या खाचांत पिवळं काहीतरी बसलं होतं, ते दातांच्या ब्रशनंही जाईना. जुना रंग असेल म्हणून सोडून दिलं आणि त्याला फळीच्या मधोमध बसवला.

आण्णा संध्याकाळी आले. फळीकडे बघितलं. खायला काय घालायचं ते विचारलं नाही. चपला घालून परत बाहेर गेले. मला ते खटकलं, पण मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारण्याची पद्धत नव्हती, ओरडण्याची होती.

पुढे एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरोळच्या बाजूला गावात शिरलं आणि आण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती, ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आली. घर पाण्यात, मुलगा म्हशी घेऊन माळावर, आणि आत्ती आमच्या खिडकीत बसून आभाळाला शिव्या देत. आत्तीनंही भावाबरोबरच दीक्षा घेतलेली. वंदना तिला आण्णांपेक्षा स्वच्छ पाठ होती. पण लहानपणी हाताला लागलेली वळणं पाठांतरानं जात नाहीत.

एका रविवारी मी बाजारातून आले तर आत्ती दारातच उभी, तोंडावर मोठं गुपित. "पोरी, मला तरी सांगायचंस की," ती कुजबुजली. "मी काय कुणाला बोलत न्हाय."

"काय सांगायचं?"

तिनं फळीकडे बोट केलं. लाकडी घोड्याच्या कपाळाला हळद, गळ्यात जास्वंदीचं फूल. आणि पंक्तिभेद नको म्हणून असेल, जांभळ्याला हळद, पिवळ्याला हळद, पंखवाल्याला हळद. सगळे पापण्या ताणून माझ्याकडे बघत होते.

"खंडोबाचा घोडा हाय त्यो. मी वळखत न्हाय व्हय? आयतवार हाय म्हणून लावला की भंडारा," आत्ती म्हणाली. "लग्नासाठी नवस केलास न्हवं? आन् बापाला कळू नये म्हणून ही रंगीत घोडी भवतीनं मांडलीस. डोकं हाय बघ तुला."

म्हणजे खाचांतलं ते पिवळं रंग नव्हतं. कुणाच्या तरी देवघरातला वर्षानुवर्षांचा भंडारा होता. मला हसू फुटलं, आणि मी हसत असतानाच आण्णा दारात आले.

त्यांनी फळी बघितली, बहिणीची पिवळी बोटं बघितली. आवाज चढवला नाही, त्यानंच मी घाबरले. "काढ," ते मला म्हणाले. "सगळी काढ. आजच्या आज."

"खेळणी हायत ती, आण्णा. आत्तीनं हळद लावली म्हणून काय देव झाली?"

"हळद तिनं आज लावली. तू इतकी वर्सं काय करतीस?" ते म्हणाले. "आंगुळ घालतीस. केस विंचरतीस. फळीवर वळीनं बसवतीस. कुणाला हात लावू देत न्हाईस. रविवार पाळतीस. देवाला आनि काय वेगळं करत्यात? खेळणं म्हंजे खेळायचं असतंय. खेळलीस कवा?"

ते खरं होतं. मी कधी खेळले नव्हते. कसं खेळतात तेच मला माहीत नव्हतं. राग आला, लाज वाटली, आणि रडूही आलं. मी पोतं आणलं आणि एकेक घोडा आत टाकायला लागले. जांभळा टाकताना हात थांबला. ते घोडे गेले असते तर त्या घरात माझं म्हणून काही उरलं नसतं, एवढं मला स्वच्छ कळत होतं. तरी टाकला.

"तिच्यावर कशाला राग काढतोस, लेका," आत्ती म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "तुझा राग त्या घोड्यावर हाय."

"तू गप."

ती गप बसली नाही. तिनं मला सांगितलं. त्यांच्या घरात असाच घोडा होता, वर देव बसवलेला. घरात कुणी नसलं की माझे आण्णा देवाला उचलून कणगीवर ठेवायचे आणि घोडा घेऊन मागच्या परसात पळायचे. दुसरं खेळणं नव्हतंच. वस्तीनं दीक्षा घेतली, घरोघरचे देव फडक्यात बांधले आणि कृष्णेत सोडले. आजोबा गाठोडं बांधत होते तेव्हा आण्णा म्हणाले, देव जाऊ दे, घोडा ठेवा. आजोबांनी कानाखाली वाजवली. "घाटापातूर रडत गेलाय ह्यो," आत्ती म्हणाली. "बा म्हणला, देवासाठी रडतंय पोरगं, आजून मन सुटंना ह्येचं. देवासाठी कुठलं रडतंय? खेळायला न्हाय म्हणून रडत होता."

आण्णा खिडकीबाहेर बघत होते. आजोबा चुकले होते असं मला आजही म्हणवत नाही. ज्या देवांनी पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला दाराबाहेर उभं केलं, त्यांचा घोडा घरात कोण ठेवील? पण त्या गाठोड्यात एका पोराचं खेळणं गेलं, हेही खरं. त्यानंतर ते पोरगं पन्नासेक वर्षं बापाला दाखवून देत राहिलं, की मी देवासाठी रडलो नव्हतो. ती सगळी कॅलेंडरं, ते पेढ्यांचे पुडे मला एकदम आठवले.

आण्णा फळीपाशी आले. लाकडी घोडा काढला. फूल काढून खिडकीत ठेवलं. सदऱ्याच्या टोकानं कपाळावरची हळद पुसली. मला वाटलं, आता हा घोडा निघाला पंचगंगेत बुडायला. पण ते गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि त्यांनी घोडा फरशीवर टेकवला. थोडा पुढे सरकवला. थांबले. मग टाळूला जीभ लावून टापांचा आवाज काढायला लागले. आधी अगदी बारीक, चोरून काढल्यासारखा. मग घोडा भरधाव निघाला तो थेट उंबऱ्यापर्यंत गेला, उंबऱ्यावरून उडाला आणि पलीकडे पडला.

"आस्संच," आत्ती डोळे पुसत म्हणाली. "आस्संच करायचा."

"त्ये जांभळं आण," आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "आन् बस."

मी पोत्यातून जांभळा काढला आणि बसले. मला टापांचा आवाज काढता येईना, तो त्यांनी मला शिकवला. माझा घोडा उंबऱ्याला अडखळला, त्यांनी मागून येऊन ढुशी दिली. मी इतक्या जपलेल्या आयाळीचा पार गुंताडा झाला आणि मी ओरडले नाही. ओल्या हातानं आई मोरीतून बाहेर आली आणि बघतच राहिली. तिशी उलटलेली लेक, पेन्शन घेणारा नवरा, दोघं फरशीवर रांगत.

"काय चाललंय ह्ये?"

"खेळतोय," आण्णा म्हणाले. "देव न्हवं ही. देवाला कोण असं आपटतंय?"

जेवायची हाक आली तेव्हा ते उठले आणि हात धुवायला गेले. घोडा त्यांनी फळीवर ठेवला नाही. पोरं टाकून जातात तसा तो वाटेतच आडवा पडला होता. ताटं घेऊन येताना आईचा पाय त्याला लागला आणि ती उचलायला वाकली.

"राहू दे तिथंच," आत्ती म्हणाली. "त्येचं खेळून झालं न्हाय आजून."