उसनी आणलेली खुडूक

कोंबड्यांबद्दल मला जे कळतं ते मी आजवर मागेल त्याला सांगत आलो. एक गोष्ट तेवढी राहिली — बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या कोंबड्या पाहिलेल्या नाहीत, आणि वाचता वाचता मला मध्येच अडवणार नाही, म्हणून असेल.

झाशीच्या रेल्वे कॉलनीत माझी हयात गेली. ऑफिसात कागद, परसात कोंबड्या. इलाइट चौराह्यापासून चिरगावपर्यंतची माणसं "बाबूजी, मुर्गी अपना ही अंडा खा जाती है" म्हणत दारात यायची, अजून येतात. मी सांगतो. खुराड्याचं तोंड पश्चिमेला नको, लू, म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, सरळ आत शिरते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेवा. जाळी जमिनीत हातभर पुरा, मुंगूस दार ठोठावून येत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी काही दिवस वेगळी ठेवा, ती एकटी आलेली नसते, रोगही सोबत असतो. अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं तर चुनखडी द्या. दृष्ट काढलीत तरी माझी हरकत नाही, पण चुनखडी द्याच.

हे सगळं खरं आहे. अनुभवाचं आहे. मग अडतंय कुठे? — खुडूक कोंबडीपाशी.

ज्यांनी खुडूक कोंबडी पाहिली नाही त्यांना ती कशी सांगू? कालपर्यंत एका दाण्यासाठी दुसरीच्या डोक्यात चोच मारणारी, कोंबड्याला दोन घरं पळवणारी ही बया एके दिवशी कोपऱ्यात बसते आणि उठतच नाही. खाणं विसरते. पोटाची पिसं आपल्याच चोचीनं उपटते — अंड्याला उघडी कातडी लागावी म्हणून. दिवसाकाठी एकदा उतरायचं, चार दाणे, घोटभर पाणी, की धावत परत. अंडी फिरवते, मधली कडेला, कडेची मध्ये, म्हणजे ऊब सगळ्यांना सारखी. कुणी शिकवलं तिला? देवळात मी फारसा जात नाही. हारतुरे, फीत कापणं, दीप लावणं याविषयीचं माझं तिरकस मत कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. पण खुडूक कोंबडीसमोर माझा आवाज आपोआप खाली येतो.

तेव्हा देश नवा होता आणि सरकारला प्रत्येक परसात पांढरी कोंबडी हवी होती. पांढरी कोंबडी अंडी भरपूर देते, पण बसत नाही. अंडं घातलं की तिचा संबंध संपला. म्हणून सरकारी फार्मातून आणलेली अंडी देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागत. माझ्याकडे त्या वेळी एकही बसायला तयार नव्हती. शेजारच्या शिंदेवहिनींची भुरकी मात्र नुकती बसली होती.

शिंदे गार्ड होते, साताऱ्याकडचे. महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर. कोंबड्या वहिनींच्या एकटीच्या, त्यांच्या हक्काच्या. कॉलनीतल्या आम्हा मराठी घरांत एक रिवाज होता. विरजण मागावं तशी खुडूक मागायची, आणि पिल्लं निघाली की निम्मी तिच्या घरी पोचवायची. वहिनींना पांढऱ्या कोंबड्यांची फार हौस होती. भुरकीला पदराखाली घेऊन त्या स्वतः आल्या. अंड्यांच्या पाटीत एक लोखंडी खिळा ठेवला — वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. आकाशात ढगाचा टिपूस नव्हता. मी हसलो.

"हसा भावजी. पुस्तक वाचून दाखवलंत म्हणून बसेल का ती?" वहिनी म्हणाल्या. "बाळंतीण देतेय. जपा."

मी जपली. खरंच जपली. तीन आठवडे भरत आले तेव्हा एका दुपारी मी पाटीपाशी वाकलो होतो, आणि भुरकी बोलत होती. नेहमीचा तो चिडका आवाज नव्हे. अगदी खालच्या पट्टीत, घशातल्या घशात, थांबून थांबून. आणि त्या थांबण्यात — मला आधी भास वाटला — आतून उत्तर येत होतं. न फुटलेल्या अंड्यातून. मी एक अंडं हळूच कानाशी धरलं. चिव्. भुरकी गप्प झाली, माझ्याकडे पाहिलं. मी अंडं जागेवर ठेवलं. तिनं पुन्हा हाक दिली, त्यानं पुन्हा ओ दिली. जन्माआधी त्यांची ओळख पटत होती! मी कितीतरी वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. आयुष्यात मी मोठमोठ्या माणसांची मोठमोठी भाषणं ऐकली. त्या दोन आवाजांपुढे टिकेल असं एकही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांना टोच पडली. बारीक भोकं, आत हलणारी चोचीची टोकं. आणि त्याच दिवशी मोठ्या साहेबांच्या मेमसाहेब कॉलनीतलं कोंबडीपालन बघायला आल्या.

आता ऐका. टोच पडलेल्या अंड्यांवरून कोंबडीला हलवायचं नसतं. कवचाच्या आत ओली पातळ साल असते. ती कोरड्या वाऱ्यात आवळते आणि पिल्लू आत जखडून मरतं. झाशीत चैत्र सरता सरता लू सुटते. ती साल सुकवायला तिला असा किती वेळ लागणार? हे मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात विचारायला आलेल्या दोघांना मी ते समजावलं होतं.

मेमसाहेबांबरोबर फोटोग्राफर होता, हार होता, खुर्च्या होत्या. मी परसाच्या दारात उभा राहून मनात नेहमीसारखी टिंगल करत होतो. त्या पाटीपाशी आल्या. "हाय, कितने प्यारे! बाबूजी, ज़रा मुर्गी को हटाइए ना, फोटो में बच्चे दिखने चाहिए."

"जी, क्यों नहीं," मी म्हणालो.

कुणी दरडावलं नाही. नोकरी जाणार नव्हती. बाई भल्या होत्या. नाही म्हटलं असतं तर "अच्छा, अच्छा" म्हणून पुढे गेल्या असत्या. मी भुरकीला दोन्ही हातांनी उचललं आणि डालग्याखाली कोंडलं. पाटी उन्हात टेबलावर आणली. फोटो झाला. मग कुणीतरी बोलायला उभं राहिलं, मग दुसरं कुणी, मग मलाही दोन शब्द सांगायचा आग्रह झाला — आणि मी दोनावर थांबलो नाही. वारा वाहत होता. डालग्यातून भुरकी ओरडत होती. मी आवाज चढवला.

सोडली तेव्हा तिचा तुरा वेताच्या कडांवर आपटून रक्ताळलेला होता. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पाटीत गेली, पंख पसरले, आणि खालच्या पट्टीत हाक द्यायला लागली. काही अंड्यांतून उत्तर आलं. दुपारी कमी. दिवस कलला तेव्हा नाही. ती हाक देत राहिली — मरून गेलेल्या अंड्यांना, त्याच मायेनं, थांबून थांबून, उत्तरासाठी जागा ठेवून. पुढे कितीतरी दिवस. अंडी काढून घेतली तरी भुश्श्यावर बसून राहिली. असलं काही मी पुन्हा पाहिलं नाही, माणसांतही नाही.

फोटोच्या दिवशी वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. परतल्यावर वाट पाहून शेवटी विचारायला आल्या. मी म्हणालो, "उठून गेली हो. अंडी गार पडली."

"कोण, भुरकी? मेली, गेल्या खेपेला साप आला तरी हलली नव्हती!"

"वय झालं असेल."

मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, भावजी." भुरकीला उचलून घेऊन गेल्या. त्यांच्या घरी न बसणाऱ्या कोंबडीला एकच वाट होती. रविवारी शिंदे ड्युटीवरून आले. दुपारी वहिनींनी ताटलीखाली झाकून रश्श्याची वाटी पाठवली, रिवाजच तो. मी ती खाल्ली. भाकरी पुन्हा मागून घेतली.

वाटी परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "अशी दगा देणारी आधी ओळखायची कशी हो?" आणि मी तिथे, त्यांच्या उंबऱ्यात उभा राहून, एक नियम तयार केला: एकदा अंड्यांवरून उठलेली कोंबडी पुन्हा बसवू नये, ती कापून मोकळं व्हावं. वहिनींनी तो आपल्या बहिणीला सांगितला. बदली होऊन त्या गेल्या, नियम राहिला. लोक माझ्याच नावानं तो एकमेकांना सांगतात. परवा चिरगावच्या एका माणसानं तो मलाच ऐकवला. "आपका ही तो कहना है, बाबूजी," तो म्हणाला. मी मान डोलावली.

किती घरांत त्या नियमावर कोंबड्या कापल्या गेल्या, मला माहीत नाही. नियम खोटा आहे. भुरकी उठली नव्हती.