हॉर्न वाजवू नका, टायपिंग सुरू आहे

रस्ता रुंद झाला आणि माझं दुकान गेलं. दर्यापुरात बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दहा बाय आठच्या खोलीत मी सतरा वर्षं टायपिंग केलं. लग्नपत्रिका, बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तेरवीची कार्डं. एका सकाळी जेसीबी आला आणि अकराच्या सुमारास दुकानाच्या जागी नुसतं शटर उभं राहिलं. मागे काहीच नव्हतं. तरी मी ते खाली ओढलं, त्याला कुलूप लावलं आणि मग घरी गेले.

कॉम्प्युटर आदल्या दिवशीच घरी आणून ठेवला होता. नवं दुकान मिळेना. "लॅपटॉप घे ना," असं येणारा-जाणारा सांगे. पण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं. ज्या मशीनच्या मागे त्याचं कुलूप, म्हणजे कंपनीने दिलेला बोटभर प्लग, खोचलेला असेल त्याच मशीनवर ते चालायचं; नव्या लॅपटॉपला तो प्लग बसत नव्हता, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. माझी सगळी डिझाइनं त्यात, बावीस तऱ्हेचे गणपती त्यात. माझ्या बोटांना दुसरा कीबोर्ड येतही नव्हता.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू उघडून दुरुस्त केली होती. त्यातल्या काही आधी चांगल्या चालायच्या. आठवडाभर ते माझ्या बंद कॉम्प्युटरकडे बघत बसले आणि एका दुपारी जेवताना म्हणाले, "हे गाडीत टाकू."

गाडी म्हणजे आमची जुनी व्हॅन. पूर्वी ती शाळेची पोरं वाहायची. खिडक्यांना अजून गज होते.

"बाबा, कॉम्प्युटर घरच्या लायनीवर चालते."

"म्या चौतीस वर्षं येस्टीची वायरिंग केली. येस्टीले चोवीस व्होल्ट लागते, हिले बारा. म्हंजे काम अर्धंच हाये."

हे अर्धं काम तीन आठवडे चाललं. बाबांनी मधली सीट काढली आणि तिथे जुनं लाकडी स्टूल पाय कापून बोल्टने बसवलं. स्टुलावर मॉनिटर. तो पडू नये म्हणून गजांना चारी बाजूंनी सुतळीने बांधला. त्यामुळे तो पकडून आणलेल्या आरोपीसारखा दिसायचा. खाली कॅबिनेट. त्याला धक्के लागू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलं. अकोल्याहून इन्व्हर्टर आला. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन तो घरच्यासारखी वीज देतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि बाबांनी ते मला रोज नव्याने समजावलं. मोठी वायर विकत आणायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी पेटीतली जुनीच काढली. "लय मजबूत हाये," म्हणाले.

मे महिना होता. उन्हाने मशीन बंद पडेल म्हणून त्यांनी आमच्या कूलरची वाळ्याची ताटी काढून खिडकीला लावली आणि तिच्यावर ठिबकची नळी सोडली. थंड हवा बरोबर कॅबिनेटवर जायची. मी पलीकडे घामाने निथळत असे.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई नारळ घेऊन उभी होती. मॉनिटर उजळला, माझा नेहमीचा गणपती दिसला आणि बाबांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. "धूर आला काय?" आईने घाबरून विचारलं.

आठवडी बाजारात आम्ही व्हॅन उभी करू लागलो. पहिल्या दिवशी एक म्हातारबा आत डोकावले. "डोये तपासता काय?" दुसऱ्याने कोणत्या पार्टीची गाडी आहे ते विचारलं. तिसरी एक बाई मात्र पोराचा बायोडाटा करायला बसली, आणि माझा धंदा सुरू झाला.

गाडी उभी असली की कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालायचा. चालत्या गाडीत काम करायचा प्रसंग तोवर आलाच नव्हता. तो आला एका लग्नपत्रिकेमुळे.

गावातले एक ओळखीचे मास्तर. त्यांच्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर, अमरावतीच्या हॉलमध्ये. पत्रिका मी तयार केली होती, अकोल्याला जठारपेठेतल्या प्रेसमध्ये दुपारी दोनच्या आत पोचवायची होती. दोननंतर त्यांच्या मशीनवर दुसरं मोठं काम चढणार होतं. साडेअकराला मास्तर मजकूर शेवटचा बघायला आले. त्यांच्या मागून त्यांची थोरली बहीण आली, मुलीची आत्या. सकाळच्याच गाडीने रिद्धपूरहून उतरलेली. हातात पिशवी, कपाळ मोकळं.

आत्याबाईंनी पत्रिका माझ्याकडून वाचून घेतली. खाली व्यवस्थापकांची यादी होती: सौ. अमुक, सौ. तमुक, अशा तेवीस जणी. ती संपली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मायं नाव काहून नाई?"

मास्तर चपापले. "अक्का, थ्या सगळ्या सौ. वाल्या हायेत..."

"मंग? नवरा मेला म्हून मी मेली काय? पोरीले अंगाखांद्यावर म्या खेयवलं. व्यवस्था कोन करनार हाये, तुयी साळी?"

मास्तरांच्या साळीचं नाव यादीत पहिलं होतं. मी म्हटलं, टाकते, आत्ताच टाकते. पण आत्याबाईंना आणखीही बाया आठवू लागल्या होत्या, आणि घड्याळात बारा वाजत आले होते.

"गाडीत बसा सगळे," बाबा म्हणाले. "रस्त्यानं टाइप व्हते."

मी मागे कॉम्प्युटरपाशी, माझ्या शेजारी आत्याबाई, पुढे बाबांच्या बाजूला मास्तर. गाव मागे पडलं. मी पहिलं नाव आत्याबाईंचं टाकलं, "श्रीमती" लावून, सगळ्यांच्या वर. त्यांनी पदराने चष्मा पुसून स्क्रीन जवळून पाहिला. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, बाबांनी हॉर्न दाबला आणि मॉनिटर काळा झाला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. सुरू झाला तेव्हा यादी होती तशीच होती, साळी पहिली. आत्याबाईंचं नाव गेलं होतं. मी पुन्हा लिहिलं. रस्त्यात कुत्रं आलं. हॉर्न. काळोख.

"हे तू मुद्दाम करून राह्यली," आत्याबाई मला म्हणाल्या.

"नाई वो आत्या, हॉर्न वाजला का मशीन बंद पडते!"

"मायंच नाव असलं का बंद पडते!"

तिसऱ्यांदा नाव गेलं तेव्हा त्या मास्तरांवर घसरल्या. बहिणीचं नाव नको म्हणून तू मशीनवाल्यांना पढवून आणलंस, असं त्यांचं म्हणणं. मास्तर शपथा घेऊ लागले. मी ओरडले, "बाबा, हॉर्न वाजवू नोका!"

"बिना हॉर्नची गाडी कशी चालवू? माह्या हातातच नाई थे." हे खरं होतं. बाबांचा अंगठा हॉर्नवरच असायचा. रिकाम्या रस्त्यावरही ते स्वतःला सोबत म्हणून वाजवायचे. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेटपाशी वाकून दोन मिनिटं पाहिलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "वायर बारीक पडली. हॉर्न अन् इन्व्हर्टर एकाच वायरवर हायेत. हॉर्न सगया करंट ओढून घेते." चौतीस वर्षांत त्यांनी असं काही कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली उतरल्या, भावाला पुढच्या सीटवरून उठवलं आणि स्वतः तिथे बसल्या. "चाला. हॉर्नले हात लावसान तर पाहा. मी हाकलतो सगयाइले."

आणि त्यांनी खरंच हाकललं. खिडकीतून अर्ध्या बाहेर निघून त्या एकेकाला बाजूला करत होत्या. "ओ सायकलवाले भौ, कडेनं!" "अबे बकऱ्या आवर!" म्हैसांगच्या अलीकडे एका मोटरसायकलवाल्याने घाबरून गाडी थेट शेतात घातली. मध्येच मान आत घेऊन त्या मला पुढचं नाव सांगायच्या, मी टाइप करायचे, त्या पुन्हा बाहेर. मास्तर माझ्या शेजारी कॅबिनेट दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांच्या बायकोकडचीही काही नावं राहिली होती. ती ते हळूच, पुढे ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगत होते. इकडून नाव, तिकडून नाव. कानात पडेल ते बोटांतून उतरायचं. सतरा वर्षं श्रुतलेखन घेतल्यावर बोटं मला विचारत नाहीत.

पावणेदोनला आम्ही प्रेसच्या दारात होतो. आधी एक नमुना छापून आणला आणि तिघांनी वाचला. मास्तरांनी आपलं नाव पाहिलं, आत्याबाईंनी आपलं पाहिलं, मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. सगळं ठीक होतं. पत्रिका छापल्या, वाटल्या, दहा दिवसांनी आम्हीही लग्नाला अमरावतीला गेलो.

लग्न लागलं. जेवणाच्या पंगतींआधी व्यवस्थापक महिलांचा सत्कार होता. माइकवाल्याने पत्रिका समोर धरली आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. पहिल्या आत्याबाई. नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन खाली उतरताना त्यांनी मास्तरांच्या साळीकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं त्यांचं समाधान झालं होतं. नावं चालू राहिली. मग माइकवाला म्हणाला, "सौ. सरकमाय बाजूले."

कुणी उठलं नाही.

"सौ. सरकमाय बाजूले यांनी मंचावर यावं. बाजूलेताई कुठं असतील तिथून यावं."

मास्तर आत्याबाईंकडे बघत होते, आत्याबाई मास्तरांकडे. नंतर कळलं ते असं: नमुना वाचताना मास्तरांना वाटलं ही अक्काच्या सासरकडची कुणी असावी, आत्याबाईंना वाटलं ही वहिनीच्या माहेरची. मला वाटलं दोघांपैकी कुणीतरी सांगितली असेल. सगळ्यांनी सभ्यपणे ती राहू दिली होती.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं आणि मला आठवलं. म्हैसांगजवळ डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई अगदी रस्त्याच्या मधून चालली होती, आणि आत्याबाई खिडकीतून ओरडल्या होत्या, "सरक माय, बाजूले!"

मी उठून आत्याबाईंजवळ गेले आणि त्यांच्या कानात हे सांगितलं. मला वाटलं, भर मांडवात आता माझा उद्धार होणार. पण त्यांचे खांदे हलू लागले. तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या बाईने त्यांना पाणी आणून दिलं.

"चाल," त्या माझा हात धरून म्हणाल्या.

"कुठं?"

"वरते. तूच जलम देल्ला ना तिले? चाल."

"आत्या, थे सौ. हाये. माहं तर लग्नच नाई झालं."

"मायं होऊन गेलं, तुयं झालंच नाई. दोघी मियून एक सौ. व्हतेच." आणि त्यांनी मला खरोखरच मंचावर ओढत नेलं. नवरीच्या आईने माझ्या हातात नारळ दिला, कुंकू लावताना तिचा हात जरा थबकला. आत्याबाई मागून म्हणाल्या, "लाव, लाव. बाजूल्याइची सून हाये." फोटोवाल्याने फोटो काढला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी कुणी ओटी भरली होती. हसावं की काय करावं ते मला कळेना, म्हणून मी नारळ घट्ट धरून उभी राहिले.

बाबांनी पुढल्याच आठवड्यात कॉम्प्युटरसाठी वेगळी बॅटरी बसवली, जाड वायर टाकली. आता ते दर्यापूरपासून अकोल्यापर्यंत मनसोक्त हॉर्न वाजवतात आणि स्क्रीन हलतसुद्धा नाही. सत्कारात मिळालेला ब्लाउजपीस हिरवा होता, बुट्ट्यांचा. मॉनिटर झाकायला चांगला होईल म्हणून बाबा तो मागत होते. मी दिला नाही. टेलरकडे टाकला आणि ब्लाउज शिवून घेतला.