आमच्या चादरीवरचा सिनेमा

संपात ह्यांची गिरणी गेली आणि बाटली आली. काही वर्षांनी बाटलीही गेली आणि मीटिंग आली. घाटकोपरला म्युनिसिपालिटीच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन ही दारू सोडलेली माणसं रोज संध्याकाळी बसत आणि एकमेकांना मनातलं सांगत. घरी आले की हे मुके. पूर्वी मी ह्यांची गुत्त्यावरून यायची वाट बघायची, आता मीटिंगवरून. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं!" सुटलेल्या दारूबद्दल कुरकुर कुणापुढे करणार? फार एकटं वाटायचं.

मला ह्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. एका गणपतीला गावी जाताना हे मला एसटी स्टँडवर बसवून "तिकिटं घेऊन येतो" म्हणाले आणि आलेच नाहीत. गाडी गेली. मी ट्रंक उचलून घरी परतले आणि शेजारी सांगितलं, गाडी बंद पडली. त्या दिवसाबद्दल ह्यांनी पुढे चकार शब्द काढला नाही.

मग एक बाई कॅमेरा घेऊन त्या मीटिंगवर सिनेमा काढायला आली. दाखवायच्या दिवशी शाळेची किल्ली ह्यांनीच मागून आणली, पडदा म्हणून आमच्या घरची पांढरी चादर तिथे गेली आणि तिच्यामागोमाग मीही. बाईंनी आधीच सांगितलं, "यात कुणाचा चेहरा नाही, नाव नाही. एकाची गोष्ट दुसऱ्यानं सांगितली आहे, म्हणजे कोण कुठला ते कळायचं नाही."

चादरीवर नुसते हात, चपला, चहाचे ग्लास. मग ह्यांचा आवाज आला. कुणीतरी आईचे दागिने विकले होते, ते हे सांगत होते, आणि सांगता सांगता रडत होते. मला असा राग आला! परक्याच्या आईसाठी रडता येतं ह्यांना.

त्यानंतर एक घोगरा, अनोळखी आवाज बोलू लागला.

"बायकोला स्टँडवर बसवली नि मी समोरच्या गुत्त्यात शिरलो. तिथून ती दिसत होती, ट्रंकेवर बसलेली. एवढा ग्लास संपला की जातो, म्हणत राहिलो. तिनं डबा उघडला, माझी वाट बघितली नि न खाताच बंद केला. गाडी सुटली. ती उठून जाईपर्यंत मी बघत होतो. तिची माफी मागायची राहिलीय."

मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे चादरीकडेच बघत होते.

घरी आल्यावर चादरीची घडी घालायला घेतली, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही मला बघत होतात?"

"कोणाची गोष्ट कोणाची, ते बाहेर बोलायचं नाही. नियम आहे ना गं."

"बरं. मग ज्याची असेल त्याला सांगा, त्याची बायको आली होती ऐकायला."

"सांगतो," हे म्हणाले. चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात होती, दोन माझ्या. मीच पुढे गेले, त्यांच्या हातातली टोकं घेतली, आणि हे शाळेची किल्ली परत द्यायला निघून गेले.