सरांसाठी हळू वाचताना

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी नांदेड सोडून लातूरला लेकीजवळ राहायला आले. लेक-जावई दोघंही शिक्षक. सकाळी ती दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि टीव्ही. समोरच्या बाईंनी एकदा विचारलं, "बुधवारी दुपारी काय करता?"

"मंगळवारी करते तेच," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि मला मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात घेऊन गेल्या. तिथं साठीच्या पुढची काही माणसं जमली होती. सतरंजीवर बसू शकणारी सतरंजीवर, गुडघे दुखणारी खुर्चीवर. एक पुस्तक ठरवायचं, घरी वाचून यायचं आणि बुधवारी त्यावर बोलायचं. शिकवणारं कोणी नाही. दर वेळी आपल्यातल्याच एकानं चर्चा चालवायची. कोणीतरी चुरमुऱ्यांचा सुशीला करून आणायचं, कोणीतरी थर्मासभर चहा.

शिकवणारं कोणी नाही हा नियम फक्त सरांना पाळता यायचा नाही. सर म्हणजे एका हायस्कुलातून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. चर्चा कोणाचीही असो, थोड्या वेळानं ते उभे राहायचे, कारण बसून बोलणं त्यांना जमतच नसे. एक वकीलसाहेब त्यांना प्रत्येक मुद्द्यावर आडवे जायचे आणि घरी जाताना त्यांच्याच स्कूटरवर मागं बसायचे.

आमच्यातल्या मावशी मुरुडकडच्या शेतकरी घरातल्या. मुलानं लातुरात घर बांधलं म्हणून त्या इथं आलेल्या. शाळा चौथीपर्यंत. ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचायच्या, त्यामुळं त्यांचं पुस्तक कधीच वेळेत संपायचं नाही.

त्या वेळी आम्ही एक कादंबरी वाचत होतो. तिच्यातला माणूस एक दिवस बायकोमुलांना काही न सांगता घर सोडून जातो. मावशी त्याच्यावर भयंकर चिडल्या होत्या. "असा कसा उठून गेला? दोन लेकरं हायत की घरात! सर, परत येतो का न्हाई तेवढं सांगा. न्हाई तर मी पुढं वाचायची न्हाई."

"शेवट सांगायचा नसतो, मावशी," सर म्हणाले. "स्वतः वाचायचा."

"लई वेळ लागंल मला."

"लागू द्या की."

त्यानंतरच्या बुधवारी सर आले नाहीत. वकीलसाहेबांनी फोन लावला, तेव्हा कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मुलगा त्यांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेला. त्या दिवशी कोणी पुस्तक उघडलंच नाही.

पुढं मी त्यांच्या मुलाशी बोलत राहिले. हातापायात हळूहळू जोर येत होता, बोलणं मात्र गेलं होतं. "समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत," मुलगा म्हणाला. "कोणी भेटायला येतो म्हटलं की हातानं नाही-नाही करतात."

मी हे सगळ्यांना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग तर जायलाच पाहिजे. आपल्याला न्हाई म्हणायला तरी तोंड उघडतील."

समोरच्या बाई, वकीलसाहेब, मावशी आणि मी असे आम्ही चौघं सकाळच्या एसटीनं निघालो. अहमदपूरला चहा घेतला. वाटेत मावशींनी विचारलं, "काय बोलायचं वो आपण तिथं?"

दार सरांच्या बायकोनं उघडलं. इतक्या बुधवारांत त्या कधी आल्या नव्हत्या, मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. सर पलंगावर पडले होते. आम्हाला बघून त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. ज्या माणसाचा आवाज सभागृहाबाहेर चपला काढतानाच ऐकू यायचा, त्याला आमच्यासमोर मुकं पडून राहायची लाज वाटत होती. वकीलसाहेब घाबरून मोठमोठ्यानं बोलायला लागले, जणू सरांना ऐकूच येत नव्हतं. मला काही सुचेना. मी पिशवीतून कादंबरी काढली आणि वाचायला लागले. पानभर झालं असेल. सरांनी कपाळावर आठ्या घातल्या आणि मान हलवली. माझं भराभर वाचणं त्यांच्या हाती लागत नव्हतं, निसटून जात होतं.

"द्या इकडं," मावशी म्हणाल्या. "माझं तसं बी राहिलंय."

त्यांनी स्टूल पलंगाला लावलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. एक शब्द. मग दुसरा. काही वेळानं सरांनी मान वळवली. त्यांची नजर मावशींच्या बोटावर होती. बोट पुढं सरकलं की नजर सरकायची. दोनेक पानं झाल्यावर ओठ हलायला लागले. मग एका जोडाक्षरापाशी मावशी अडखळल्या.

"हस्... हस्ता..."

आम्ही कोणीच सांगितलं नाही. का ते मला आजही माहीत नाही.

"क्षर," पलंगावरून जाड, घोगरा आवाज आला.

मावशींनी मान वरही केली नाही. "हस्ताक्षर," त्या म्हणाल्या आणि पुढं वाचू लागल्या. वकीलसाहेब गॅलरीत जाऊन उभे राहिले. सरांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर बसून पदरानं डोळे पुसले.

मग दर बुधवारी मावशी सभागृहात वाचायच्या आणि सर नांदेडला फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्याबरोबर पुटपुटायचे. तिथं त्यांना स्पीच थेरपी द्यायला येणाऱ्या मुलीनंही हे चालू ठेवा म्हणून सांगितलं. कादंबरी अशीच संपली. तो माणूस काही परत आला नाही. मावशींनी पुस्तक मिटलं आणि फोनमध्येच म्हणाल्या, "सर, तुमी तेवढं परत या."

काही महिन्यांनी ते आले, काठी टेकत. अजूनही चहाला टेबल म्हणतात, मग स्वतःवर चिडतात, कधी डोळ्यांत पाणी येतं. त्यांचा शब्द आपण पुरवायचा नाही, थांबायचं, हे शिकायला आम्हाला फार जड गेलं. वकीलसाहेबांना तर अजून जमत नाही. आता आम्ही सभागृहातच बसून मोठ्यानं वाचतो. एक पुस्तक फार दिवस चालतं. काही जण कंटाळून भजनी मंडळात गेले. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही.

सरांना सोडायला त्यांची बायको येते. आधी त्या दाराशी बसायच्या. एकदा समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "ती कादंबरी तुम्हीही ऐकलीत ना फोनवर? कशी वाटली?"

"मी काय बोलणार," त्या म्हणाल्या, आणि मग बोलायलाच लागल्या. "तो गेला ते ठीक. पण मागं त्याच्या बायकोनं काय केलं, ते एवढ्या जाड पुस्तकात कुठंच नाही. माणूस गेला की गोष्ट संपली का? घर तर चालूच राहतं ना?"

सर काही सांगू पाहत होते. "नाही... ते... तसं..."

"थांबा, माझं होऊ द्या," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. सरांना तर हसता हसता ठसका लागला.

येत्या बुधवारची चर्चा सरांच्या बायकोकडं आहे. काल सकाळी त्या माझ्याकडं येऊन बसल्या आणि काय काय बोलायचं ते सगळं मला बोलून दाखवलं. निघताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "ह्यांना काही सांगू नका हं. आधी कळलं तर आठवडाभर मला सुधारत बसतील."